मेंदूच्या क्षणिक झटक्याची ओळख व पाठपुरावा : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात

गोषवारा

मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटे खंडित होऊन पुन्हा सुरळीत होणे, या अवस्थेला वैद्यकशास्त्रात 'ट्रान्झियंट इस्केमिक अटॅक' अथवा संक्षेपाने 'टीआयए' असे म्हणतात. बोलीभाषेत तिला 'मिनी स्ट्रोक' अथवा 'छोटा झटका' असे संबोधले जाते. लक्षणे आपोआप नाहीशी होत असल्याने रुग्ण व कुटुंबीय या घटनेकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक पाहता, पुढे येऊ शकणाऱ्या मोठ्या पक्षाघाताची ही पूर्वसूचना असते आणि तिचे पहिले दोन दिवस सर्वाधिक धोक्याचे असतात. प्रस्तुत लेखात या आजाराची ओळख, तातडीच्या तपासणीचे महत्त्व आणि दीर्घकालीन पाठपुरावा यांचे विवेचन पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या संदर्भात केले आहे.

बीजसंज्ञा : टीआयए, पक्षाघात, रक्तदाब, पाठपुरावा, ग्रामीण आरोग्य, शिरूर, दौंड.

प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्रात पक्षाघाताला 'लकवा', 'अर्धांगवायू' अशी नावे आहेत. एखाद्याची एक बाजू लुळी पडली की 'अंगावरून वारं गेलं' असे म्हटले जाते. या शब्दप्रयोगात आजाराचे आकस्मिक स्वरूप अचूक टिपले गेले आहे; परंतु वारे कधी सुटेल हे जसे सांगता येत नाही, तसा हा आजारही अटळ व अनाकलनीय आहे, असा समजही त्यातून दृढ होतो. हा समज पूर्णतः खरा नाही. पक्षाघात झालेल्या काही रुग्णांच्या बाबतीत मोठ्या झटक्यापूर्वी काही तास, काही दिवस अथवा काही आठवडे आधी एक छोटा झटका येऊन गेलेला असतो. हाताला मुंग्या येऊन तो काही मिनिटे जड झालेला असतो किंवा बोलताना जीभ अडखळलेली असते. 'उन्हाने झाले असेल', 'रात्रीचे जागरण झाले', 'पित्त वाढले' अशी कारणे देऊन तो प्रसंग विसरला जातो.

पक्षाघात हा केवळ शहरी व बैठ्या जीवनशैलीचा आजार आहे, हा समजही आता टिकणारा नाही. डॉ. पी. एम. दलाल यांच्या पुढाकाराने मुंबईत २००५-०६ या काळात पक्षाघात-नोंदणीचे काम झाले. त्यात २५ वर्षांवरील लोकसंख्येत दर लाखामागे वर्षाला सुमारे १४५ जणांना प्रथमच पक्षाघात झाल्याचे आढळले. ग्रामीण महाराष्ट्राचे चित्र गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेच्या अभ्यासातून पुढे आले. डॉ. योगेश्वर काळकोंडे व सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासलेल्या खेड्यांतील एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आणि मृत्यूच्या कारणांत पक्षाघात प्रथम क्रमांकावर असल्याचे त्यात दिसून आले. यांपैकी बहुसंख्य मृत्यू रुग्णालयात नव्हे, तर घरीच झाले होते. गडचिरोली व पुणे या जिल्ह्यांची परिस्थिती सर्वस्वी भिन्न असली, तरी कष्टकरी ग्रामीण समाज पक्षाघातापासून सुरक्षित नाही, हा या अभ्यासाचा निष्कर्ष शिरूर व दौंड तालुक्यांनीही गांभीर्याने घेण्यासारखा आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. टीआयए ही संकल्पना व तिची लक्षणे स्पष्ट करणे.
२. लक्षणे ओसरल्यानंतरही तातडीची तपासणी का आवश्यक आहे, याची कारणमीमांसा करणे.
३. शिरूर व दौंड परिसरातील उपलब्ध व्यवस्थेच्या आधारे उपचार व पाठपुराव्याचा मार्ग सुचविणे.

टीआयए : संकल्पना

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते. मात्र विश्रांतीच्या स्थितीत शरीर जेवढा प्राणवायू वापरते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो. मेंदूजवळ प्राणवायूचा साठा नसतो. त्यामुळे एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यास त्या भागाचे काम तत्काळ थांबते. गुठळी अडकून राहिली, तर तेथील पेशी मरू लागतात आणि पक्षाघात होतो. गुठळी आपोआप विरघळली किंवा पुढे सरकली, तर पेशी पुन्हा कामाला लागतात आणि लक्षणे नाहीशी होतात. या दुसऱ्या अवस्थेला टीआयए म्हणतात.

पूर्वी २४ तासांच्या आत नाहीशी होणारी लक्षणे म्हणजे टीआयए, अशी व्याख्या रूढ होती. एमआरआय तपासणीचा प्रसार झाल्यानंतर ही व्याख्या अपुरी ठरली. लक्षणे पूर्ण ओसरलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या मेंदूत प्रत्यक्षात लहानशी कायमची इजा झाल्याचे आढळू लागले. त्यामुळे २००९ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने वेळेऐवजी मेंदूच्या ऊतीला झालेल्या इजेवर आधारित व्याख्या स्वीकारली. बहुतेक टीआयए एका तासाच्या आत, अनेकदा तर काही मिनिटांतच ओसरतात. 'लक्षणे गेली म्हणजे आजार गेला' असे मानता येत नाही, हा या बदललेल्या व्याख्येचा सामान्य वाचकासाठी असलेला अर्थ होय.

गुठळी निर्माण होण्याची प्रमुख कारणे तीन आहेत. मानेतील कॅरोटिड धमनीत अथवा मेंदूतील मोठ्या धमन्यांत चरबीयुक्त थर साचून तेथे गुठळी तयार होते, हे पहिले कारण. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या 'एट्रियल फिब्रिलेशन' या विकारात किंवा संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाते, हे दुसरे. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबामुळे व मधुमेहामुळे मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद होतात, हे तिसरे. कारण कोणते, यावर उपचार अवलंबून असल्याने कारणाचा शोध हा तपासणीचा गाभा ठरतो.

लक्षणे कशी ओळखावीत?

टीआयए व पक्षाघात यांची लक्षणे सारखीच असतात. फरक फक्त ती टिकण्याच्या कालावधीत असतो. लक्षणे एकाएकी सुरू होतात आणि बहुधा शरीराच्या एकाच बाजूला जाणवतात. त्यांचे स्वरूप पुढीलप्रमाणे असते.

चेहरा : तोंड एका बाजूला वाकडे होणे, हसताना एक कोपरा खाली राहणे, चूळ भरताना पाणी एका बाजूने गळणे.

हात-पाय : एक हात किंवा पाय अचानक जड वा बधिर होणे, हातातील कप, विळा अथवा मोबाईल गळून पडणे, चप्पल पायातून निसटूनही न कळणे.

वाचा : जीभ जड होणे, बोबडे बोलणे, शब्द न आठवणे, समोरच्याचे बोलणे ऐकू येऊनही न समजणे.

दृष्टी : एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखे होऊन काही मिनिटे दिसेनासे होणे, अचानक एकाची दोन दिसणे.

तोल : एकाएकी झोक जाणे, चालताना एका बाजूला ओढल्यासारखे होणे, विशेषतः यासोबत वरीलपैकी एखादे लक्षण असणे.

घरच्या माणसांनी करावयाची परीक्षा सोपी आहे. रुग्णाला दात दाखवून हसण्यास सांगावे, दोन्ही हात समोर उचलून डोळे मिटून काही क्षण तसेच धरण्यास सांगावे आणि एखादे साधे वाक्य म्हणून घ्यावे. चेहरा वाकडा दिसला, एक हात खाली घसरला किंवा उच्चार बदलला, तर चौथी गोष्ट फक्त वेळेची उरते. लक्षण किती वाजता सुरू झाले, किंवा रुग्ण शेवटचा व्यवस्थित केव्हा दिसला होता, ती वेळ लिहून ठेवावी. पुढील उपचारांत डॉक्टर सर्वप्रथम हाच प्रश्न विचारतात.

प्रत्येक भोवळ वा मुंग्या म्हणजे टीआयए नव्हे. मधुमेही रुग्णाची साखर अचानक कमी होणे, फिट येणे, अर्धशिशी, कानाच्या विकाराने येणारी चक्कर यांतही काही लक्षणे सारखी दिसतात. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या लकव्यात कपाळासह चेहऱ्याची एक बाजू ढिली पडते. मात्र हातपाय व वाचा शाबूत असतात. हा भेद करण्याचे काम डॉक्टरांचे आहे. कुटुंबीयांनी स्वतःच निदान करून 'काही नाही' असे ठरविण्यापेक्षा तपासणीअंती काही नव्हते असे निघणे केव्हाही हितावह.

पहिले अठ्ठेचाळीस तास

टीआयए ही तातडीची बाब का मानावी, याचे उत्तर दोन अभ्यासांतून मिळते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तातडीच्या विभागांत टीआयएचे निदान झालेल्या १,७०७ रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १०.५ टक्के रुग्णांना ९० दिवसांच्या आत पक्षाघात झाला आणि यांतील सुमारे निम्मे पक्षाघात पहिल्या दोनच दिवसांत झाले. 'पुढच्या आठवड्यात दवाखान्यात जाऊ' असे म्हणणारा रुग्ण धोक्याचा सर्वांत मोठा काळ घरीच घालवतो, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरा अभ्यास आशादायी आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड परिसरात प्राध्यापक पीटर रॉथवेल यांच्या नेतृत्वाखाली झालेला हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या टप्प्यात टीआयए अथवा सौम्य पक्षाघाताच्या रुग्णांना भेटीची वेळ देऊन तपासले जाई व औषधे नंतर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून सुरू होत. यात औषध सुरू होण्यास साधारणतः २० दिवस लागत. दुसऱ्या टप्प्यात रुग्णाला भेटीची वेळ न घेता येण्याची मुभा देण्यात आली आणि औषधे तेथेच सुरू करण्यात आली. हा कालावधी एका दिवसावर आला. परिणामी ९० दिवसांत पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर उतरले. विशेष म्हणजे यासाठी कोणतेही नवे औषध शोधावे लागले नाही. गुठळीरोधक गोळ्या, रक्तदाबाची औषधे, स्टॅटिन हीच नेहमीची औषधे होती. ती वेळेवर दिली गेली, एवढाच बदल होता. ही औषधे महागडी वा दुर्मीळ नाहीत. म्हणून शिरूर वा दौंडच्या रुग्णासाठी खरा प्रश्न औषध उपलब्ध आहे की नाही हा नसून तो त्या औषधापर्यंत किती लवकर पोहोचतो, हा आहे.

रुग्णाचा धोका किती, याचा अंदाज घेण्यासाठी डॉक्टर वय, रक्तदाब, लक्षणांचा प्रकार, त्यांचा कालावधी व मधुमेह या पाच बाबींवर आधारलेली सात गुणांची एक मापनपद्धती वापरतात. मात्र केवळ गुण कमी आहेत म्हणून तपासणी लांबणीवर टाकू नये, असे मत अलीकडील मार्गदर्शक सूचनांत व्यक्त झाले आहे. कारण मानेतील धमनीचा अडथळा किंवा हृदयाची अनियमित लय या गुणांत दिसून येत नाही.

शिरूर व दौंड : स्थानिक परिस्थिती

शिरूर तालुका पुणे-अहिल्यानगर महामार्गावर, तर दौंड तालुका पुणे-सोलापूर महामार्ग व लोहमार्गावर वसलेला आहे. घोडनदीकाठचे शिरूर शहर पुण्यापासून सुमारे ६५ ते ७० किलोमीटर, तर भीमाकाठचे दौंड शहर सुमारे ७५ ते ८० किलोमीटर अंतरावर आहे. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती, दौंडचे रेल्वे जंक्शन व राज्य राखीव पोलीस बल, उसाची शेती आणि साखर कारखानदारी यांमुळे येथील लोकसंख्येत शेतकरी, कंत्राटी कामगार, रेल्वे कर्मचारी, ऊसतोड मजूर असे भिन्न घटक एकत्र आले आहेत. या प्रत्येक घटकाची तपासणी टाळण्याची कारणे वेगळी आहेत. कंत्राटी कामगाराचा खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी बुडते. ऊसतोड मजुराचे कुटुंब हंगामापुरते येथे असते. त्याची रक्तदाबाची गोळी गावाकडच्या केंद्रात आणि तो फडात, अशी स्थिती होते. शेतकऱ्याला रात्रीच्या वेळी वीज मिळते म्हणून पिकाला पाणी देण्यासाठी रात्रभर जागावे लागते. त्यामुळे पहाटे आलेला हाताचा जडपणा जागरणाच्या खात्यावर जमा होतो.

एक उदाहरण कल्पून पाहता येईल. पन्नाशीतील एक शेतकरी पहाटे मोटर बंद करण्यास जातो. उजव्या हाताने बटण दाबले जात नाही. हाक मारावी तर शब्द फुटत नाही. दहा मिनिटांत सर्व पूर्ववत होते. घरी आल्यावर तो चहा घेतो आणि दुपारी उसाच्या ट्रॉलीवर जातो. रक्तदाबाची गोळी त्याने 'आता बरे वाटते' म्हणून दोन महिन्यांपूर्वी बंद केलेली असते. अशा वेळी घरातील सून, मुलगा किंवा शेजारी यांपैकी एकाने जरी 'आजच्या आज दवाखाना' असा आग्रह धरला, तरी पुढचे चित्र पालटू शकते.

जोखमीचे घटकही स्थानिक सवयींशी निगडित आहेत. तंबाखू हे पक्षाघाताचे मोठे कारण असून ग्रामीण भागात स्त्रियांमध्ये तिचे सेवन मशेरीच्या रूपाने चालते. मशेरी हे 'दात घासण्याचे' साधन समजले जात असल्याने 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला अनेक स्त्रिया प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देतात. म्हणून आरोग्य कर्मचाऱ्याने मशेरीचे नाव घेऊनच विचारणे योग्य. लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या, ठेचा यांतून जाणारे जादा मीठ रक्तदाब वाढविते. मद्यसेवन, मधुमेह आणि अनियंत्रित रक्तदाब यांची त्यात भर पडते.

दुसरीकडे या परिसराला सामुदायिक आरोग्यकार्याची मोठी परंपरा आहे, ही जमेची बाजू होय. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक परिसरात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. गावातीलच व्यक्तींना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवा घरापर्यंत नेण्याचे सूत्र त्यामागे होते. डॉ. कोयाजी यांना १९९३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याच वढू येथे २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांची नियमित आरोग्य व लोकसंख्याविषयक नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू झाली. माता व बालकांच्या आरोग्यासाठी घरोघरी जाण्याची जी पद्धत अशा भागात रुजली, तीच पद्धत रक्तदाब व पक्षाघाताच्या पाठपुराव्यासाठी वापरता येण्यासारखी आहे.

तातडीची कृती

लक्षणे चालू असतील, तर एक मिनिटही न दवडता १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून कार्यरत आहे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्यापूर्वी मेंदूत रक्तस्राव नाही, याची सीटी स्कॅनने खात्री करावी लागते. शिक्रापूर, सणसवाडी, वाघोली या पट्ट्यातील वाहतूक कोंडी लक्षात घेता शिरूरच्या रुग्णाचा बराच वेळ रस्त्यातच जाऊ शकतो. म्हणून सीटी स्कॅन व पक्षाघाताचे उपचार जवळात जवळ कोठे होतात, याची माहिती प्रत्येक गावाने आधीच घेऊन ठेवावी.

लक्षणे ओसरली असतील, तरीही त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा शिरूर व दौंड येथील शासकीय रुग्णालयांत रक्तदाब, रक्तातील साखर व शक्य असल्यास ईसीजी ही पहिली पायरी पूर्ण करता येते. डॉक्टरांना 'चक्कर आली' असे मोघम न सांगता 'उजवा हात दहा मिनिटे उचलत नव्हता व बोलता येत नव्हते' असे नेमके सांगावे. प्रसंग प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तीने रुग्णासोबत जावे. त्यानंतर पुण्यातील ससून सर्वोपचार रुग्णालय किंवा मेंदूविकारतज्ज्ञ उपलब्ध असलेल्या अन्य रुग्णालयात पाठविले गेल्यास ती भेट 'सोयीने' नव्हे, तर चोवीस तासांत व्हावी.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. गिळण्याची शक्ती कमी झालेली असू शकते. म्हणून लक्षणे चालू असताना रुग्णाला पाणी, चहा, साखर वा गोळी तोंडाने देऊ नये. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून जिभेखाली गोळी ठेवून तो एकदम उतरवू नये. त्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटू शकतो. लक्षणे चालू असताना ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नये, कारण गुठळी व रक्तस्राव यांतील फरक बाहेरून ओळखता येत नाही. तेल चोळणे, कांदा हुंगविणे, दृष्ट काढणे यांत जाणारा वेळ हा मेंदूचा वेळ असतो. रुग्णाने स्वतः दुचाकी चालवत दवाखान्यात जाणे तर अत्यंत धोक्याचे.

तपासण्या व उपचार

तज्ज्ञांकडे सर्वसाधारणपणे मेंदूचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय, मानेतील धमन्यांची डॉप्लर अथवा अँजिओग्राफी, ईसीजी, गरजेनुसार २४ तास वा त्याहून अधिक काळ हृदयाच्या लयीची नोंद, हृदयाची इको तपासणी, साखर व कोलेस्टेरॉल यांच्या तपासण्या केल्या जातात.

उपचारांची दिशा कारणानुसार ठरते. चीनमध्ये ५,१७० रुग्णांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टीआयए अथवा सौम्य पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही दोन औषधे एकत्र सुरू केल्यास ९० दिवसांतील पक्षाघाताचे प्रमाण ११.७ टक्क्यांवरून ८.२ टक्क्यांवर येते, असे दिसले. अधिक धोका असलेल्या रुग्णांत ही दोन्ही औषधे साधारणतः २१ दिवस व त्यानंतर एकच औषध, अशी पद्धत त्यातून रूढ झाली. दोन्ही औषधे डॉक्टरांनी ठरविलेल्या मुदतीपलीकडे घेत राहिल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो; म्हणून जुन्या चिठ्ठीवर दुकानातून गोळ्या आणत राहणे योग्य नव्हे. एट्रियल फिब्रिलेशन आढळल्यास वेगळ्या प्रकारची गुठळीरोधक औषधे द्यावी लागतात. मानेतील धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद झाली असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. उत्तर अमेरिकेतील १९९१ च्या अभ्यासात अशा रुग्णांत दोन वर्षांतील त्याच बाजूच्या पक्षाघाताचा धोका २६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आल्याचे सिद्ध झाले. ही शस्त्रक्रिया शक्यतो दोन आठवड्यांच्या आत झाल्यास तिचा लाभ अधिक होतो.

पाठपुरावा : साखळीतील कच्चा दुवा

पहिल्या दिवशीची धावपळ अनेक कुटुंबे करतात. तिसऱ्या महिन्यातील गोळी मात्र चुकते. रक्तदाब दुखत नाही, कोलेस्टेरॉल जाणवत नाही आणि टीआयएची आठवण पुसट होत जाते. म्हणून पाठपुराव्याची आखणी आरंभीच करणे आवश्यक ठरते.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत फेरतपासणी करून अहवाल पूर्ण झाले का, औषधे सोसतात का, हे पाहावे. पहिल्या तीन महिन्यांत दरमहा रक्तदाब मोजावा. बहुतेक रुग्णांत तो १३०/८० च्या खाली राखण्याचे उद्दिष्ट असते. धमन्यांत चरबीचा थर आढळलेल्या रुग्णांत एलडीएल कोलेस्टेरॉल ७० च्या खाली ठेवण्याची शिफारस आहे. मधुमेहींनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करावी. मशेरी, बिडी, तंबाखू पूर्ण बंद करावी. औषधे बदलण्याचा वा थांबविण्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा. दात काढणे अथवा अन्य शस्त्रक्रिया करायची असल्यास गुठळीरोधक गोळ्यांची कल्पना आधी द्यावी.

यासाठी दर वेळी पुण्याला जाण्याची गरज नाही. असंसर्गजन्य आजारांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला असून त्याअंतर्गत ३० वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी केली जाते. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. तज्ज्ञांनी ठरविलेला उपचार गावाजवळच्या उपकेंद्रातून अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून चालू ठेवणे, ही व्यवस्था रुग्णाच्या खिशाला व वेळेला परवडणारी आहे. रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो; त्यासाठी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटावे. ही योजना प्रामुख्याने दाखल रुग्णांसाठी असल्याने बाह्यरुग्ण तपासण्यांच्या खर्चाची तरतूद स्वतंत्रपणे करावी लागते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

शिफारशी

१. आशा कार्यकर्तीने तीस वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीवेळी 'गेल्या काही दिवसांत हात-पाय, तोंड वा बोलणे थोडा वेळ गेले होते का?' हा एक प्रश्न हमखास विचारावा आणि उत्तर होकारार्थी आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे.
२. टीआयए झालेल्या रुग्णाजवळ निदान, औषधे, रक्तदाबाच्या नोंदी व पुढील तारीख असलेले एक कार्ड असावे. ऊसतोड मजूर व स्थलांतरित कामगारांना ते दुसऱ्या जिल्ह्यातही उपयोगी पडेल.
३. औद्योगिक वसाहती व साखर कारखान्यांनी वार्षिक आरोग्य तपासणीत कंत्राटी व हंगामी कामगारांचाही समावेश करावा.
४. संत तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यातील यवत, वरवंड या मार्गाने जाते. वारीतील आरोग्य पथकांमार्फत ज्येष्ठ वारकऱ्यांना या लक्षणांची माहिती द्यावी आणि वाटेत गोळ्या न चुकविण्याबाबत सांगावे.
५. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागाने २९ ऑक्टोबर या जागतिक पक्षाघात दिनी दत्तक गावांत लक्षणांची प्रात्यक्षिके दाखवावीत. घरात शिकलेला एक विद्यार्थी असला, तरी आजोबांचा तो प्रसंग वेळीच ओळखला जाऊ शकतो.

समारोप

टीआयए हा असा आजार आहे की, रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचतो तेव्हा बहुधा त्याचे कोणतेही लक्षण उरलेले नसते. हेच त्याचे फसवे रूप आणि हीच त्यात दडलेली संधी होय. मोठ्या पक्षाघातानंतर कुटुंबाच्या वाट्याला वर्षानुवर्षांची शुश्रूषा, बुडालेली मजुरी व कर्ज येते. टीआयएनंतर मात्र माणूस अजून आपल्या पायांवर उभा असतो, बोलत असतो, कामावर जाऊ शकत असतो. त्याला त्याच स्थितीत टिकवून ठेवण्यासाठी लागणारी औषधे जुनी, परिचित व बव्हंशी स्वस्त आहेत. लक्षण ओळखणारे घर, त्याच दिवशी गाठलेला दवाखाना आणि न चुकता घेतलेली गोळी, या तीन गोष्टी एकत्र आल्यास शिरूर व दौंडमधील अनेक कुटुंबांवरील हे संकट टाळता येण्यासारखे आहे. दहा मिनिटांत बरे झालेल्या माणसालाही त्याच दिवशी दवाखान्यात नेले पाहिजे, ही जाणीव गावोगावी रुजणे, हीच या दिशेने पहिली पायरी ठरेल.